लाटण्याने ऐकणारे अण्णा

सदाशिवअण्णा इंजिनाला लाटणं लावून ऐकतात. लाटण्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी, डोळे मिटलेले आणि मोकळा हात वर केलेला. म्हणजे आसपासच्यांनी गप्प बसावं. हेब्बाळच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, मी राहायला आलो त्या दिवशी ते असेच एका रिक्षावर वाकले होते. घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, लाटणं आणा. कणीक वाळतेय."

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले. "ती सांगतेय."

ती म्हणजे रिक्षा.

अण्णांच्या घराण्याला बेंगळुरूत तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना निळा ट्रक घेतला आणि लेआउटमध्ये नव्याने येणाऱ्यांचं सामान हलवून द्यायला लागले, निव्वळ हौस म्हणून. पुण्याहून आलेलं माझं सामानही गोदामातून त्यांनीच घरी आणलं. त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांची बायको, जिला सगळेच अक्का म्हणत, आणि अक्कांच्या मांडीवर आमचा मिक्सर.

दारात कुठलीही गाडी आली की अण्णा आधी चौकशी करतात. चालवणाऱ्याला पायरीवर बसवायचं, कॉफी द्यायची आणि विचारायचं, "सकाळी थंड असताना उठत नाही, की चालून आल्यावर? धूर काळा की पांढरा? बंद पडते ती झटक्याने, की कण्हत कण्हत?" समोरचा बिचारा 'बंद पडते' एवढंच सांगायला आलेला असतो. मग लाटणं लागतं आणि अण्णा डोळे न उघडता म्हणतात, "तू टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवलीस. खरं की नाही?" ड्रायव्हर मान खाली घालतो. एकदा त्याच्याबरोबर मीही घातली होती, आणि माझा तर त्या गाडीशी काही संबंधही नव्हता. माझा स्वभावच तसा आहे.

असे हे अण्णा, पण त्यांचा स्वतःचा ट्रक मात्र काही महिने धड चालत नव्हता. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी दमायची. उठलाच तर सहा-सात किलोमीटरवर कण्हत कण्हत बंद. अण्णा उतरायचे, टाकीच्या बाजूला जायचे, काहीतरी करायचे आणि थोड्या वेळाने ट्रक पुन्हा चालू व्हायचा. "वय झालं त्याचं," एवढंच म्हणायचे. त्याला लाटणं कधी लावलं नाही. मागच्या दिवाळीनंतर अक्का गेल्या होत्या. मला वाटलं, त्यांच्याबरोबर अण्णांचा कानही गेला.

आता माझा गुन्हा. मी लेआउटच्या समितीचा सेक्रेटरी. ट्रक तीनदा फाटकातच बंद पडला, शाळेच्या बसेस अडकल्या आणि समितीने ठराव केला: महिनाअखेरपर्यंत ट्रक दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. नोटिशीवर सही माझी. मी ती द्यायला गेलो, त्यांच्याकडे बसून कॉफी प्यायलो, दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि निघताना चपला घालता घालता नोटीस दिली.

अण्णांनी ती वाचली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "सरी, ठीक आहे, सेक्रेटरीसाहेब," म्हणाले. तोवर ते मला अविनाश म्हणायचे.

तो 'साहेब' माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसात बसून मी सॉफ्टवेअर सोडून ट्रकच्या इंजिनांचे व्हिडिओ बघायला लागलो. एकात सापडलं: डिझेलच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल कमी होत जाईल तशी त्यातून बाहेरची हवा आत येते. ते बुजलं की डिझेल पुढे जात नाही आणि इंजिन उपाशी राहून बंद पडतं. झाकण सैल केलं की पुन्हा चालतं. टाकीच्या बाजूला जाणारे अण्णा माझ्या डोळ्यांपुढे आले.

शनिवारी सकाळी अण्णा दूध आणायला गेल्याचं बघून मी ट्रकपाशी गेलो. झाकणावर प्लास्टिकची पिशवी होती, रबरबँडने नीट बांधलेली. खाली हळदकुंकवाचा जाड थर, दगडासारखा वाळलेला. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, इथे सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. कुणाचा तरी हात जरा सढळ झाला होता, तोही नेमका भोकावर. मी ओल्या फडक्याने झाकण लख्ख पुसलं आणि टाचणीने भोक मोकळं केलं.

अण्णा आल्यावर त्यांना हाताला धरून ट्रकमध्ये बसवलं. पहिल्याच स्टार्टरला इंजिन उठलं. आम्ही पार पंचवीसेक किलोमीटरवरच्या देवनहळ्ळीपर्यंत जाऊन आलो, ट्रक एकदाही कण्हला नाही. वाटेत मी झाकणाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. इंजिनाचं शास्त्र, अण्णांना. ते समोर बघत ऐकत होते.

फाटकाशी आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. "फडकं कुठाय?"

"कुठलं?"

"पुसलंस ते."

मी खिशातून काढून दिलं. पिवळं, लाल, अजून ओलसर. त्यांनी ते हातात उलटसुलट करून पाहिलं.

"मागच्या आयुधपूजेला तिने लावलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, भोक बुजेल गं. तर म्हणते, माझ्या बोटाने तुमच्या ट्रकला काही होत नाही."

जन्मभर मी कारण नसताना माफी मागत आलोय. त्या दिवशी कारण होतं आणि मी भलतंच विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, चाळीस वर्षं इंजिनं ऐकली. एक भोक ऐकू येणार नाही?" मग ते म्हणाले, "टाचणी रोज खिशात असायची. हात जायचा नाही. महिनाअखेरीला ट्रक कुंकवासकट भंगारात गेला असता. निदान तिची सीट तरी राहिली. बरं केलंस."

फडक्याची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली, जिथे माझी नोटीस होती. नोटीस मी त्याच आठवड्यात मागे घेतली, पण त्यांनी ती परत काही दिली नाही.

यंदा आयुधपूजेला त्यांनी मला बोलावलं. ट्रक धुऊन उभा होता, बंपरला झेंडूची माळ. पाटावर पाने-पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडले होते, आणि मधोमध लाटणं, हळदकुंकू लावलेलं. अण्णांनी कालवलेल्या हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली आणि मानेने टाकीचं झाकण दाखवलं. मी बोट बुडवलं, पण झाकणाशी जाऊन हात थांबला.

"लाव, अविनाश," अण्णा म्हणाले. "भोक सोडून."