दगडूभाऊची जीभ

मोटारीचं तेल जिभेवर घेऊन पारखणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या रिठदच्या थोरल्या पाटलांचा ड्रायव्हर, दगडूभाऊ. इंजिनातलं तेल बोटावर घ्यायचा, डोळे मिटून चाखायचा आणि निकाल द्यायचा, "थकलं." नाहीतर, "अजून दम हाये." उन्हाळ्यात जाड तेल, थंडीत पातळ, आणि बदलण्याआधी मोटारीला एकदा विचारायचं, हा त्याचा कायदा.

मी धाकट्या पाटलांचा ड्रायव्हर. गावात मोटारी दोन, ड्रायव्हर दोन, पण मान सगळा त्या एका जिभेला. माझे धनीसुद्धा मलाच विचारायचे, "दगडूले दाखवलं काय?" खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा मीही चोरून तेल चाखलं. दोन दिवस भाकरीला मोटारीची चव येत होती.

लढाईच्या दिवसांत डब्यातलं तेल मिळेनासं झालं. दगडूभाऊनं एरंडेल गाळून इंजिनात घातलं आणि थोरल्यांची मोटार धावू लागली. माझ्या पोटात दुखलं. एरंडेल चालतं, तर घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल काय वाईट? त्याला न विचारता मी ते ओतलं. चार दिवसांत तापून तापून त्याचा डिंक झाला आणि मोटार सुरू करायचं हँडल फिरेना. दुसऱ्याच दिवशी धाकट्या पाटलांची लेक पहिल्या बाळंतपणाला वाशीम स्टेशनावर उतरणार होती. माझी नोकरी गेल्यातच जमा होती. नाक मुठीत धरून मी दगडूभाऊकडे गेलो.

तो आला, बोट चाटलं. "जवस," एवढंच म्हणाला. मग त्यानं इंजिन खोलून रॉकेलनं धुवायला घेतलं. पाटील डोकावले तेव्हा म्हणाला, तेल जुनं झालं होतं, गणपतचा, म्हणजे माझा, दोष नाही. जपून ठेवलेला चांगल्या तेलाचा शेवटचा डबाही त्यानं माझ्यासाठी आणला होता. त्याचा हा चांगुलपणा पाहून तर मी आणखीच जळलो.

दुपार कलली. बायको तिसऱ्यांदा जेवायला बोलवायला आली, तशी मी तिच्यावर खेकसलो. दगडूभाऊचे हात थांबले.

"काहून वरडून राह्यला तिच्यावर? मले तीनदा जेवाले बलावणारं कोणी असतं, तं मी तेल चाखत बसलो असतो काय?"

मी गुमान हात धुतले आणि त्यालाही उठवलं. बायकोनं दोन ताटं वाढली. त्यानं जवसाची चटणी बोटावर घेतली आणि डोळे मिटले. मी निकालाची वाट पाहत राहिलो. त्यानं बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.