हिलाल आप्पांची भिंत

आमचे शेजारी हिलाल आप्पा धूर मोजतात. दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही. वजनमाप निरीक्षक म्हणून त्यांनी विसरवाडीपासून तळोद्यापर्यंत दुकानदारांचे काटे तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, म्हणून त्यांनी आमची घरं धरली.

"ताई, तुन्ही मोटर रोज किती वेळ चालस?" हा त्यांचा नमस्कार.

माझं नवापूरला कोंबड्यांचं शेड आहे. शेडसमोर आप्पांच्या घराची उंच, कोरी भिंत होती. आता कोरी नाही. तिच्यावर त्यांनी गेरूने पायऱ्या काढल्यात. एक पायरी म्हणजे धूर कमी करायचा एक उपाय. पायरी जितकी रुंद तितका धूर जास्त वाचणार, जितकी उंच तितका उपाय महाग. स्वस्त डावीकडे, महाग उजवीकडे. काही पायऱ्या तर पायथ्याच्या रेघेच्याही खाली उतरतात. "यास्मा उलटा फायदाच शे, ह्या पहिले करो," असं ते भाजीवाल्यालाही समजावतात.

महाग म्हणजे नुसते पैसे नव्हेत. "माणूस किती कटकट करस, तोबी खर्चच शे," हे त्यांचं लाडकं वाक्य. म्हणून उपाय सुचवायचा आणि समोरचा किती वेळ भांडतो ते घड्याळात बघायचं. कोंबड्यांच्या विष्ठेवर गॅस करायचा विषय काढला तेव्हा मी दीड तास भांडले. आप्पांनी शांतपणे माझी पायरी दोन वीत उंच केली.

"आते थकनी का?"

थकले होते. गॅस बसवला. आता पिलांना ऊब त्याच्यावर मिळते, लाकूड आणावं लागत नाही, माझा चहाही त्यावरच होतो. उत्तम चाललंय. आप्पांना मात्र हे सांगत नाही, लगेच पायरी बुटकी करायला गेरू घेऊन येतील.

त्यांची एकुलती एक मुलगी निर्मला आसामात नर्स आहे. दोन वर्षांनी तिला आठवड्याची सुटी मिळाली. रेल्वेने आली तर सुटी गाडीतच संपणार. गेल्या बुधवारी मी दाणे टाकत होते, तेवढ्यात आप्पांचा फोनवरचा आवाज आला. "विमानमा नको येऊ, बेटा. मन्हा धूरना बठ्ठा हिसाब बिघडस."

मी बादलीसकट त्यांच्या अंगणात गेले. "आप्पा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गावले सांगू एक, नि मन्ही पोरले दुसरं?" एवढं बोलून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर आप्पा शिडीवर. भिंतीच्या अगदी उजव्या टोकाला नवी पायरी काढत होते, 'निर्मलाचं विमान टाळणे'. रुंदीला जेमतेम चार बोटं. उंचीला मात्र थेट पत्र्यापर्यंत गेली होती. हातात कुंचला घेऊन आप्पा तिथेच थांबलेले.

"काय झालं?"

"भित सरनी. वर जागाच नही."

"मग थोडी बुटकी दाखवा. कोण येतंय मोजायला?"

"खोटं माप दाखाडू?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदऱ्यावरचा गेरू काचेला लागला. पुन्हा पुसला, आणखी लागला. बराच वेळ ते पुसतच राहिले.

मी शिडी धरली. "उतरा खाली. जी पायरी परवडत नाही ती सोडून द्यायची, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? लावा फोन."

उतरले. फोन लावला. "ये, बेटा. विमानमा ये." आणि लगेच पुढे, "पन सुरतपासून नवापूरलोंग रेल्वेनीच ये, काय?"

पलीकडचं हसू मला तीन हातांवरून ऐकू आलं.

संध्याकाळी कोंबड्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा भिंतीकडे पाहिलं. ती पायरी पुसलेली नव्हती, बुटकीही केलेली नव्हती. तिच्या पायथ्याशी वळणदार सरकारी अक्षरात लिहिलं होतं:

'माप बरोबर. उपाय नामंजूर.'

खाली सही.