विरजणाचं वर्गीकरण

वर्गीकरणात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या मंत्रालयात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं मी एकच काम केलं आहे. जुनी फाइल उघडायची, एक नजर टाकायची आणि ठरवायचं: ही कायम ठेवा, ही तीन वर्षं ठेवा, ही आजच रद्दीत. त्यामुळे दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या नव्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला मुलांचं विज्ञान प्रदर्शन ठरलं आणि आमच्या मैत्रेयीच्या वाट्याला ‘सजीव आणि निर्जीव’ हा विषय आला, तेव्हा मी तिला म्हटलं, पोरी, तू निर्धास्त राहा. बापाच्या डाव्या हातचा मळ आहे!

रविवार होता. मैत्रेयीनं सकाळपासून कागद कापून चिठ्ठ्या केल्या होत्या, सजीवांना हिरवी, निर्जीवांना लाल. प्रदर्शन हिंदीत होतं, पण हे दोन्ही शब्द मराठीत आणि हिंदीत सारखेच, त्यामुळे आमचं भागलं. पुस्तकात खुणा दिल्या होत्या. खातं का, वाढतं का, हलतं का, डिवचलं तर दखल घेतं का, आपल्यासारखं दुसरं जन्माला घालतं का. मी पेपर वाचून संपवला, स्वेटरच्या बाह्या सरसावल्या आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

बादली लाल. मनीप्लांट हिरवा. बटाट्यांना कोंब फुटले होते, म्हणून त्यांनाही उदार मनानं हिरवी दिली. मग नवाकोरा दोन दारांचा फ्रिज उघडला. अगदी मागे, झाकण घातलेली एक स्टीलची वाटी होती. आत चमचाभर पांढरं, आंबट काहीतरी. चमच्यानं डिवचलं, पण त्यानं दखल घेतली नाही. लाल! आणि निर्जीव, जुनं, शिवाय कोपऱ्यात पडलेलं, म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे रद्दी. सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला, वाटी घासून पालथी घातली.

तेवढ्यात हेमलता, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाजी घेऊन आली आणि पालथी वाटी बघून जागीच थांबली.

त्या वाटीत विरजण होतं. लग्नानंतर ती दिल्लीला निघाली तेव्हा तिच्या आईनं वाईच्या घरचं विरजण स्वच्छ फडक्यावर वाळवून ट्रंकेत घातलं होतं. इथं आल्यावर कोमट दुधात ते फडकं बुडवून हिनं पहिलं दही लावलं. तेव्हापासून रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवत ते एकोणीस वर्षं चालत आलं होतं. माझ्या सासूबाई गेल्या दिवाळीत वारल्या.

“आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं,” एवढंच ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी बाजारातून दही आणतो म्हणालो. मैत्रेयी पुस्तक घेऊन पुढे आली.

“बाबा, ते अलाइव्ह होतं. दूध खाऊन वाढत होतं. एकाचे दोन, दोनाचे चार.”

“पण चालत कुठं होतं?”

“पिंपळ कुठं चालतो?”

“बरं, मग हे झाड की प्राणी?”

“दोन्ही नाही. जिवाणू. त्यांचा ग्रुपच वेगळा आहे.”

मी हादरलोच. झाडं आणि प्राणी अशा दोन कपाटांत सगळी सृष्टी मावते, अशी माझी शाळेपासूनची समजूत. इथं भलतंच कपाट निघालं, आणि त्यातले कोट्यवधी जीव एका चमच्यात राहत होते! दिल्लीच्या थंडीत रजईत गुरफटून, जूनच्या उन्हाळ्यात घाईघाईनं, एकोणीस वर्षं ते रोज माझ्यासाठी दही लावत होते आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता. हात जोडावेसे वाटले. पण जोडायचे कुणापुढे, सिंकपुढे?

मग मला आठवलं. सोसायटीत राहायला आलो तेव्हा आसपास एक दुकान नव्हतं. पहिल्या थंडीत कुणाचंच दही लागेना, तेव्हा हेमलतानंच शेजाऱ्यांना विरजण वाटलं होतं. वाटी घेऊन मी तसाच जिना चढलो.

पहिल्या मजल्यावरच्या खुराना भाभींकडचं संपलं होतं, कारण त्या महिनाभर अमृतसरला होत्या. मी वळलो तशी त्यांनी नवऱ्याला हाक मारून दारात बोलावलं आणि दोघं माझ्याकडे बघून हसत राहिले. काय माया आहे माणसांना, असं मला वाटलं. तिसऱ्या मजल्यावर पिल्लईंनी सकाळीच सगळ्याचं ताक केलं होतं. मी जायला वळलो तेव्हा तेही छान हसले. चौथ्या मजल्यावर सिद्दीकी आपांनी मात्र मला थांबवलं आणि आतून रजईत गुंडाळलेलं पातेलं आणलं.

“ले जाइए,” वाटी भरत त्या म्हणाल्या. “हेमलताजी ने बताया था, उनकी अम्मी का है। हम तो इसे नानी कहते हैं। बच्चों से रोज़ कहती हूँ, नानी को रज़ाई में सुला दो।”

वाईची बाई गेली म्हणून आम्ही दिवाळीला पणती लावली नव्हती, आणि ती इथं चौथ्या मजल्यावर खुशाल रजईत झोपली होती. याला कुठली चिठ्ठी लावायची ते मला कळेना.

घरी आलो. हेमलतानं वाटी दोन्ही हातांत घेतली, वास घेतला आणि डोळे पुसले. किल्ली अडकवायला मी वळलो, तर मागून ती खो खो हसायला लागली. माझ्या स्वेटरच्या पाठीवरची पिन काढून तिनं एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. लाल. ‘निर्जीव’.

“सकाळी तुम्हाला तीनदा विचारलं, कात्री कुठंय,” मैत्रेयी म्हणाली. “तुम्ही पेपर वाचत होतात. नो रिस्पॉन्स.”

म्हणजे ही चिठ्ठी पाठीवर मिरवत मी चार मजले चढलो होतो आणि चार मजले उतरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दही असं लागलं की वाटी कलती केली तरी हलेना. हेमलतानं चाटून बघितलं, “आईच,” म्हणाली आणि स्वतःच्या हातानं वाटीला हिरवी चिठ्ठी लावली. मीही दोघींकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिलो. माझी फाइल अजून विचाराधीन आहे, असं मैत्रेयीकडून कळलं.