तपासणीवाल्यांचा पाहुणचार

गरीब दिसायचं कसं, हे मला कोणी शिकवू नये! नवरा रशियात कामाला गेला तो वर्षभर बेपत्ता, पदरात तीन पोरं, आणि हिवाळा दाराशी. सरकारचा मुलांचा भत्ता मिळाला तर कोळसा येणार, नाहीतर आम्ही सगळे कुडकुडणार. घर बघायला तपासणीवाले येणार होते. म्हटलं, बघाच आता!

लग्नातला गालिचा, भरतकामाचा पडदा, चांगली किटली, सगळं पहाटेच शेजारच्या बुर्माकडे टाकलं. दारात उरली एक हडकुळी बकरी, धाकट्या अदिलच्या दुधापुरती. घर असं दिसत होतं की मलाच मला भीक घालावीशी वाटली!

सासूबाईंना बजावलं, "अपा, सरकारी माणसं येतील. तुम्ही नुसत्या कण्हत पडून राहा."

"पाहुणे येणार?"

"पाहुणे नाहीत हो, तपासणीवाले!"

आणि मी त्यांना आणायला कचेरीत गेले. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

दुपारी कचेरीतल्या तोक्तोबुबूबाईंना आणि दोन साहेबांना घेऊन गल्लीत शिरले, तर मटणाचा घमघमाट.

"कोणाकडे लग्न आहे वाटतं?" बाई म्हणाल्या.

"असेल कोणाकडे तरी!"

आमच्याकडेच होतं! दार उघडलं आणि बघते तर काय! माझा गालिचा परत, त्यावर बुर्माचाही! मऊ गाद्या, जर्दाळू, तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचा ढीग. पांढरा रुमाल बांधून सासूबाई दारात, "या या लेकरांनो, दमला असाल!"

मी त्यांना चुलीकडे ओढलं. "अपा, हे काय केलंत?"

"तू काय केलंस ते सांग! माणसं येणार आणि घर उघडंबोडकं? बुर्मा बिचारी धावली म्हणून अब्रू राहिली."

"आणि मटण कुठलं?"

त्या पातेलं ढवळू लागल्या. मी खिडकीतून पाहिलं. बकरीच्या खुंटीला नुसता दोर. मला रडूच कोसळलं.

बरं, मी तरी काय शहाणी? बाईंचं ताट रिकामं दिसलं, आणि माझाच मेला हात पातेल्याकडे! "घ्या ना, संकोच करू नका!" हे मीच म्हणाले हो!

जेवण झालं. बाईंनी दुआ मागून तोंडावरून हात फिरवले. "असं भरलेलं घर अख्ख्या खोऱ्यात पाहिलं नाही. भत्ता गरजूंसाठी असतो, बाई."

"अहो, गालिचा उसना, बकरी एकुलती एक होती!"

"असं सगळेच सांगतात."

तेवढ्यात सासूबाईंनी उरलेलं मटण बांधून त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या पोरांना न्या."

संध्याकाळी अदिल दुधासाठी ओरडून ओरडून निळा झाला. मी कोऱ्या चहात पाव बुडवून भरवला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा अर्ज कर. पुन्हा येतील ना ते?"

"येतील, वसंतात."

"अगं बाई! मग त्यांना वाढायचं काय?"

हसू नका. तेव्हापासून मीही तोच विचार करतेय.