नातेलाचा कागदोपत्री नवरा

नागरिकत्वाच्या अर्जाला उत्तर आलं तेव्हा नातेला भांडी घासत होती. ओले हात पुसून तिनं पाकीट फोडलं, पत्र दोनदा वाचलं आणि तिथूनच हाक मारली, "दोनातो, तू कुठे राहतोस रे?"

"म्हणजे? इथेच," बुटाच्या नाड्या बांधत नवरा म्हणाला.

"सरकार म्हणतंय, नाही राहत. तू गावाबाहेर डोंगरावर राहतोस. नवरा-बायको एकत्र राहत नाहीत म्हणून माझा अर्ज फेटाळायच्या बेतात आहेत. दहा दिवसांत खुलासा द्या म्हणे."

दोनातोनं पत्र हातात घेतलं आणि पत्ता वाचून कपाळावर हात मारला. "अगं, हा तर मधवाल्याचा पत्ता!"

रोक्कालीना या इटालियन गावात दोनातो पेत्रेल्ला नावाचे दोघे होते. दोन भावांनी हौसेनं आपापल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलेलं. एक शाळेची बस चालवायचा, दुसरा मधमाश्या पाळायचा. गावानं बसवाला आणि मधवाला म्हणून प्रश्न सोडवला होता, पण नगरपालिकेच्या दप्तरात टोपणनावं लिहायची सोय नाही.

नातेला जॉर्जियातल्या कुतैसीची. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आली आणि बसवाल्याशी लग्न करून राहिली. लग्न माहेरी झालं, त्याचे कागद इकडे गावच्या दप्तरात नोंदवायला आले, त्याला आता चार वर्षं झाली. नागरिकत्वासाठी तिनं भाषेची परीक्षा दिली, जन्माचा दाखला आणला, माहेरच्या पोलिसांचा दाखला आणला, त्यांची भाषांतरं केली, भाषांतरांवर शिक्के घेतले. हे सगळं कशासाठी, तर आयर्लंडमधल्या बहिणीसाठी. बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा झाला होता आणि नातेलाला व्हिसा मिळत नव्हता. मावशी ही फोनच्या आत राहणारी बाई आहे, अशी त्या पोराची पक्की समजूत होती.

नवरा-बायको तडक नगरपालिकेत गेले. नोंदणीच्या खिडकीत सिन्योर ओरेस्ते एकतीस वर्षं बसलेले. त्यांनी जाड वही काढली, चष्मा चढवला आणि शांतपणे सांगितलं, "तुमचं लग्न बरोबर नोंदलंय, सिन्योरा. दोनातो पेत्रेल्ला, राहणार डोंगरावर. हे तुमच्याबरोबर आलेले गृहस्थ अविवाहित आहेत."

"अहो, हाच माझा नवरा! मधवाल्याच्या पानावर तुम्ही चुकून लिहिलंत."

"दप्तर चुकत नाही, सिन्योरा. माणसं चुकतात. तुम्हीच चार वर्षं चुकीच्या माणसाकडे राहताय, त्याला मी काय करू?"

बसवाल्यानं काउंटरवर मूठ आपटली तेव्हा ओरेस्ते जरा नरमले. "बरं, एक वाट आहे. त्या दुसऱ्या दोनातोनं लेखी द्यावं की हे लग्न माझं नाही. सही झाली की तासाभरात दुरुस्ती."

सोपं काम होतं. पण ते दोघं घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सासूबाई, असुन्ता, दारातच उभ्या होत्या.

"म्हणजे चार वर्षं माझ्या घरात, माझ्या छपराखाली, लग्नावाचून?"

"आई, तू स्वतः लग्नाला आली होतीस. नाचली होतीस!"

"मी नाचले त्याची नोंद आहे का कुठे? नाही ना? मग कागद दुरुस्त होईपर्यंत तू खाली माझ्या खोलीत झोपायचं. आणि तू गं, पोरी, तू जेवायला ये. जेवणाला धर्माची आडकाठी नाही."

बसवाल्यानं चुलतभावाला फोन केला. पहिल्या दिवशी मधवाला म्हणाला, पेट्या तपासतोय. दुसऱ्या दिवशी ताप आला. चौथ्या दिवशी माशी बोटाला चावली, सही करता येत नाही.

"डाव्या हातानं कर!" बसवाला ओरडला.

"डाव्यालाच चावली."

"मग उजव्यानं कर की!"

फोन बंद झाला.

आठव्या दिवशी नातेला कोरा कागद आणि पेन घेऊन स्वतःच डोंगर चढली. मधवाला पेट्यांमध्ये उभा होता. "जवळ येऊ नकोस, माश्या चिडल्यात," तो लांबूनच म्हणाला. तिनं कुंपणावरची पांढऱ्या जाळीची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला भावोजी म्हणू, की कागदाप्रमाणे अहो म्हणू?"

मधवाल्याचं तोंड उतरलं. त्यानं हात जोडले. "नातेला, तुझ्या पाया पडतो. सही मागू नकोस. अजून एखादं वर्ष राहू दे ना असंच!"

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. एर्सिलियाशी लग्न करायचं म्हणून दाखला आणायला गेलो, तर त्यावर मी विवाहित! आधी घाबरलो. मग वाटलं, देवानंच ऐकलं. बाई चांगली आहे गं, पण लग्न म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिला सांगत आलो, कागद अडकलेत, कागद अडकलेत. चार वर्षं निभावली."

एर्सिलिया म्हणजे चौकातली बटणं-दोऱ्यांची दुकानवाली. या माणसाशी तिचं लग्न ठरून अकरा वर्षं झाली होती. गावातली कुजबुज कानावर आल्यावर दुकानाला कुलूप लावून तीही डोंगर चढली होती. वर येताच तिला काय दिसलं, तर आपला होणारा नवरा हात जोडून उभा आणि त्याच्यासमोर चर्चमधल्या नवरीसारखी डोक्यावर पांढरी जाळी घेतलेली बाई. ती थबकली. मग वाऱ्यावर शब्द आले आणि ते तिनं शेवटपर्यंत ऐकले.

ती ओरडली नाही. पुढे आली, नातेलाच्या हातातलं पेन घेतलं आणि मधवाल्यापुढे धरलं.

"एर्सिलिया, ऐक तरी..."

"सही."

त्यानं सही केली. एर्सिलियानं अक्षर नीट तपासलं, कागद नातेलाला दिला आणि मागे न बघता उतरू लागली. नातेलाही जाळीसकट तिच्यामागे धावली. दोघी चौकात आल्या. तिथे एर्सिलिया म्हणाली, "टोपी काढ आता. लोक अभिनंदन करतील."

ओरेस्तेंनी त्याच दुपारी दुरुस्ती केली. संध्याकाळी बसवाला उशी घेऊन वर आला. सासूबाईंनी दारातच दोघांच्या हातात बदामाची गोळी ठेवली. लग्नात वाटतात तशी.

पुढे मात्र सरकारनं सरकारच्या चालीनं वेळ घेतला. दीड वर्षानं मंजुरी आली. महापौरांसमोर, त्यांच्या खांद्यावरच्या तिरंगी पट्ट्याच्या साक्षीनं, नातेलानं प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेतली. पासपोर्टचा फॉर्म भरून तिच्या पर्समध्ये तयारच होता. बसवाला रडला. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं की त्या रडल्या नाहीत.

टाळ्या थांबल्या तोच मधवाला आत आला. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. या दीड वर्षात एर्सिलियानं त्याला बटणसुद्धा विकलं नव्हतं, आणि पोटातला गोळा कुठल्या कुठे गेला होता. आता त्याला रात्रंदिवस लग्नच दिसत होतं. तो ओरेस्तेंजवळ जाऊन हळूच म्हणाला, "लग्नाच्या नोंदीला काय काय लागतं?"

"ओळखपत्रं, दाखले आणि वधूची संमती."

"संमतीचा फॉर्म द्या."

"तो इथे मिळत नाही."

नातेलाला त्याची कीव आली. अर्ज करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. "भावोजी, तिथे स्वतः जायचं असतं," ती म्हणाली. "खरं तेवढंच बोलायचं. आणि बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही."

मधवाला चौक ओलांडून बटणांच्या दुकानात शिरला. शपथविधीची सगळी मंडळी, पट्टा घातलेल्या महापौरांसकट, नगरपालिकेच्या माडीवरच्या खिडकीत दाटली. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाली?" नातेलानं वरून ओरडून विचारलं.

"अर्ज पोचला म्हणाली," मधवाला म्हणाला. "छाननी चालू आहे."