अकरा वर्षांचा तक्ता

"थर्मोडायनॅमिक्स तिसऱ्यांदा राहिलं, तर प्रयोगशाळेत ठरलेली नोकरी गेलीच म्हणून समज," आईने बजावलं. तक्ताबाईने पेन्सिलीला टोक काढलं. कशाचाही तक्ता मांडल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं होतं.

तिने ग्रंथालयातून हा विषय शिकवणाऱ्या सरांचे जुने अकरा वर्षांचे पेपर मिळवले, एकूण एक सोडवले आणि तक्ता मांडला: आडवी वर्षं, उभे प्रश्न. रेघा मारता मारता तिचे डोळे विस्फारले. फ्रीजचं गणित दर तिसऱ्या वर्षी, एंट्रॉपीची सिद्धता वर्षाआड, पिस्टन तर दरवर्षी, फक्त आकडे बदलून. यंदाचे आठही प्रश्न कागदावर हजर झाले.

"तुझ्यापुरतंच ठेव हं," तिने यादी मैत्रिणीला दिली.

"शप्पथ!" म्हणत मैत्रीण प्रत काढायला गेली. झेरॉक्सवाले काका मनाने मोठे. मुलांच्या उपयोगाचं काही दिसलं, की एक प्रत ते मागे ठेवून घेत. दुपारपर्यंत साठही जणांकडे यादी पोचली. वर काकांनी स्वतःच्या हाताने ठळक मथळा घातला होता: 'उद्याचा पेपर'.

संध्याकाळी सर वीजबिलाची प्रत काढायला तिथेच आले. काकांनी आपुलकीने एक यादी त्यांच्याही हातात ठेवली. "घ्या सर, तुमच्या घरी कुणी परीक्षेला बसत असेल तर!"

सरांनी यादीतलं अक्षर ओळखलं आणि पाचच मिनिटांत तक्ताबाईला बोलावणं आलं.

"पेपर कुणी फोडला?" सर कडाडले.

"फोडला नाही सर, मोजला." तिने तक्ता टेबलावर पसरला.

"हा निव्वळ योगायोग आहे."

"पुढच्या वर्षी फ्रीज येणार, सर. त्याच्या पुढच्या वर्षी पिस्टन दोनदा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तक्ता तसाच होता.

"पेपर बदलतोय मी," ते शेवटी म्हणाले.

"पण सर, माझी नोकरी..."

"मलाही आहे ती."

दुसऱ्या दिवशी आठही प्रश्न नवे कोरे. "तक्ताबाई, बाहेर भेट तू!" मागच्या बाकावरून कुणीतरी दातओठ खाल्ले. पहिला प्रश्न होता: सायकलमध्ये हवा भरताना पंप का तापतो? तिने तो दोनदा वाचला, आणि तिला एकदम हसू फुटलं. अरे, हा तर पिस्टनच, नुसते कपडे बदलून आलेला! त्याला तर तिने अकरा वेळा ढकललं होतं. पुढचे प्रश्नही एकेक करून ओळख देऊ लागले. घंटा झाली तेव्हा ती सातव्यावर होती.

शंभरात त्रेपन्न गुण. बाहेर गाठायला टपलेलेही बरेचसे पास झाले होते, त्यामुळे जीव वाचला. नोकरीचं पत्र हातात पडताच ती सरांकडे गेली.

"सर, तुमचे उपकार फार. अकरा वर्षं तुम्ही तेच तेच विचारलंत, म्हणून मला विषय समजला."

सरांना हसावं की रागवावं कळेना. ते उठले आणि दार लोटून आले.

"उपकार तुझेच. इतक्या वर्षांनी पेपर काढताना मला मजा आली," ते म्हणाले आणि कपाटातून एक जाड गठ्ठा काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "हे माझ्या दुसऱ्या विषयाचे जुने पेपर. रुजू होण्याआधी जमेल तसं बघ, आणि काय निघतंय ते... जरा हळूच सांग."