आवाजाचा अधिकृत नमुना

गाडीचा वेग वाढवला की तिच्या पोटातून एक आवाज येतो, ही बाब प्रथम माझ्या पत्नीने निदर्शनास आणली. तिला तेव्हा नववा महिना लागला होता आणि इस्पितळ पुलाच्या पलीकडे होते. पुलाचा चढ सुरू झाला, मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि गाडीने असा काही स्वर काढला, की जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी फार दिवसांनी बोलायला तोंड उघडावे आणि मग विचार बदलावा.

"हे काय होतं?"

"काय?"

"पोटातलं बाळ दचकलं, आणि तू मलाच विचारतोस काय म्हणून!"

सपाट रस्त्यावर सारे शांत होते. चढावर पाय दाबला की मात्र आवाज यायचा आणि गाडीतला जोर जायचा.

"आधी हिला दुरुस्त करून आण," ती म्हणाली. "ऐन वेळी ही मध्येच बसली तर मला काय पाठुंगळीला घेऊन पूल ओलांडणार आहेस?"

मी अबोल माणूस. भांडणे मला दुसऱ्यांचीसुद्धा ऐकवत नाहीत. म्हणून मी कोपऱ्यावरचे गॅरेज टाळून अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तेथे माणसाला बोलावे लागत नाही, गाडीच बोलते, असा माझा समज होता.

केंद्राची फरशी इतकी चकचकीत होती की तिच्यात आपलाच संकोच उलटा दिसे. काचेपलीकडे गाड्या हवेत उचललेल्या होत्या आणि अलीकडे गाड्यांचे मालक सोफ्यांत बुडालेले होते. टाय लावलेल्या सल्लागाराने मला समोर बसवले.

"आवाज कसा येतो, सर?"

मी वर केले तसेच वर्णन केले, शेजारच्या खोलीसकट. त्याने कीबोर्डवरून बोटे उचलली.

"सर, शेजारची खोली सिस्टीम घेत नाही. घरघर, खडखड, करकर, कुरकुर, शिट्टी. यातलं काय?"

"यांच्या मधलं काहीतरी."

"मग काढून दाखवा."

"काय काढून?"

"आवाज, सर. तोंडाने."

"गाडी बाहेरच उभी आहे. आपण पुलापर्यंत जाऊन..."

"ट्रायल आवारातच घ्यायची असा नियम आहे. आणि आवारात चढ नाही." चढ ही जणू माझी खासगी सवय असावी, अशा सहनशील सुरात तो म्हणाला.

शाळेत हजेरीच्या वेळी मी "हजर" इतक्या हळू म्हणत असे, की काही शिक्षकांच्या लेखी मी शाळेत गेलोच नाही. त्या मी भर दिवाणखान्यात, सोफ्यांतल्या साऱ्या मालकांच्या देखत, गाडीचा आवाज काढला. एका बाईंनी आपली पर्स जवळ ओढली. सल्लागाराने तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि त्याला 'अधिकृत नमुना' असा दर्जा दिला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "आनंदाची बातमी आहे, सर. गाडी जॅकवर तिरपी उचलून तुमचा नमुना तिच्या आवाजाशी ताडून पाहिला. जुळत नाही. म्हणजे तुम्ही तक्रार केलेला आवाज तुमच्या गाडीत नाहीच."

"पण गाडीत आवाज आहे?"

"आहे ना, चांगला मोठा आहे. पण त्याची तक्रार कुणी केलेली नाही."

अचूक नमुन्यासह नव्याने तक्रार करणे एवढाच मार्ग उरला होता. मी न्हाणीघराचे दार लावून सराव सुरू केला.

"अगं, याला कफ झालाय का?" बाहेरून आईचा आवाज आला.

"नाही आई, त्याची गाडी झालीय," पत्नी म्हणाली. मग दारावर थाप पडली. "अरे, घशातून नको, पोटातून काढ. आणि शेवटी जरा कण्ह."

"लहानपणी रडायचासुद्धा उशीत तोंड खुपसून," आई कौतुकाने म्हणाली. "आता बघ, कसा मोकळा झालाय!"

दुसरा नमुनाही परत आला. "घरघर बरोबर आहे, सर," सल्लागार हळहळून म्हणाला, "पण तुमच्यात खंत जास्त येते. गाडीत खंत नाही. तेवढी काढा." मी काढू लागलो. खंत काढून टाकल्यावर माझ्यापाशी फारसे काही शिल्लक राहत नाही, हे मला त्या दिवसांत समजले. पण जे राहिले ते गाडीशी तंतोतंत जुळले.

नमुना जुळताच प्रकरण ध्वनितज्ज्ञांकडे गेले. ते गळ्यात स्टेथोस्कोप घालून आले. त्यांनी तो प्रथम गाडीच्या बॉनेटला लावला, मग माझ्या छातीला.

"पाय दाबा."

मी फरशीवर पाय दाबला. सवयीने आवाज आला.

"सोडा."

आवाज थांबला. तज्ज्ञांनी सल्लागाराकडे अर्थपूर्ण पाहिले. "चढावर आवाज येतो तेव्हा तुम्ही गाडीत असता?"

"मीच चालवतो."

"तुम्ही गाडीत नसताना तो आवाज कधी ऐकलाय?"

"मी नसताना मी कसा ऐकणार?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि निदान झाले. आवाजाचे उगमस्थान: ग्राहक. उपाय: वेग वाढवताना मन प्रसन्न ठेवणे व सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या गुळण्या. गाडी धुऊन मिळाली. तिच्यात लिंबाचा वास मारला होता.

"आणि तू ऐकून घेतलंस?" पत्नीने विचारले.

"तज्ज्ञ होते ते."

"मग त्या तज्ज्ञाची छाती कुणी तपासली होती का?"

त्याच आठवड्यात, भर दुपारी, तिला कळा सुरू झाल्या. आई पिशवी घेऊन मागे तिच्याशेजारी बसली. मी मन प्रसन्न ठेवून पाय दाबला. पुलाच्या निम्म्या चढावर आवाज आला, वाढला, आणि एकाएकी कायमचा थांबला. त्याच्याबरोबर गाडीही थांबली. मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला.

"उतर! कुणालातरी हाक मार!" पत्नी दाराच्या कडीला लोंबकळत ओरडली. "मोठ्याने!"

मी रस्त्यात उभा राहिलो, हात वर केले, सारा जीव गोळा करून तोंड उघडले. बाहेर पडला तो अधिकृत नमुना. निर्दोष होता, खंतीचा लवलेश नव्हता. जवळून जाणाऱ्यांनी एकामागून एक काचा वर केल्या. नादुरुस्त वस्तूकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहत होते.

अखेर पत्नीनेच खिडकीतून डोके काढून अशी किंकाळी फोडली, की पाण्याचा एक टँकर जागच्या जागी उभा राहिला. तिला आणि आईला चालकाशेजारी बसवले, मी मागच्या शिडीला लटकलो. आम्ही पोहोचलो, एवढेच म्हणता येईल.

इस्पितळाच्या दाराबाहेर मी ओल्या कपड्यांनी उभा असताना फोन वाजला. सेवा केंद्रातून एक गोड आवाज विचारत होता, "आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, सर? दहाच्या खाली गेलात तर बिचाऱ्या सल्लागाराच्या नोकरीवर गदा येते हो."

आतून रडणे ऐकू आले. मुलगी होती, आणि तिला कुणीही नमुना दिलेला नव्हता. आख्खा मजला दणाणला. बोलायची हीच वेळ होती. माझ्यापाशी बोलण्यासारखे खूप होते. मी घसा खाकरला.

"दहा," मी म्हणालो.

आपण हसत असाल; हसा. पण असा फोन आपल्याला शेवटचा आला होता तेव्हा आपण किती सांगितले होते, तेवढे एकदा आठवून पाहा. समोरच्या इमारतीत कुणाचे तरी दिवस भरत आले आहेत, आणि गाडी कुठे दाखवावी हे ठरवण्यासाठी ते या क्षणी तुमचेच दहा गुण वाचत आहेत.